चार वाजता दिसणाऱ्या लाटा : एका हॉलच्या रंगकामाचं प्रकरण

तक्रार अशी होती : सकाळी भिंत छान दिसते, रात्री ट्यूबलाइटमध्येही चालून जाते, पण दुपारी चारनंतर तिच्याकडे बघवत नाही.

पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला तीसेक वर्षं जुनी इमारत, तिच्यात दोन बेडरूमचा फ्लॅट. हॉलच्या पश्चिमेला बाल्कनी, तिला सरकता काचेचा दरवाजा, आणि त्या दरवाजाशी काटकोन करून उभी असलेली उत्तरेची लांब भिंत. लांबी सुमारे १४ फूट, उंची साडेनऊ. घरच्यांनी दिवाळीआधी घर रंगवून घेतलं होतं. या लांब भिंतीसाठी त्यांनी गडद मोरपंखी छटा निवडली होती, तीही रेशमी चमक असलेल्या महागड्या इमल्शनमध्ये, म्हणजे पाण्यात मिसळणाऱ्या रंगात. बाकीच्या भिंती मोतिया पांढऱ्या.

काम संपल्यावर ऑक्टोबरमधलं तिरपं ऊन बाल्कनीतून आत आलं आणि भिंतीचं सगळं अंग उघडं पडलं. मधोमध एक उभा खड्डा, त्याच्या बाजूला फुगवटा. स्विचबोर्डांभोवती वेगळ्या चमकीचे ठिपके. छताच्या खाली आणि दोन्ही कोपऱ्यांत चारेक इंच रुंदीचा गडद पट्टा, जणू भिंतीला चौकट घातली आहे. अधूनमधून रोलरच्या उभ्या रेघा. आणि बाल्कनीच्या बाजूला खाली, जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत, बारीक फोड.

घरच्यांचं म्हणणं, रंग नकली निघाला. रंगकाम घेतलेल्या ठेकेदाराचं म्हणणं, “कंपनीच्या माणसाला बोलवा, माझे दोन हात पूर्ण झालेत. हवं तर दिवाळीच्या आत तिसरा हात मारून देतो.” मला बोलावलं ते या एका प्रश्नासाठी : तिसरा हात मारावा का?

मी नको म्हणालो, आणि त्याचं कारण साधं गणित आहे. इमल्शनचा एक हात वाळल्यावर त्याची जाडी साधारण २५ ते ३० मायक्रॉन भरते. झेरॉक्सच्या कागदाचं पान सुमारे १०० मायक्रॉनचं असतं. म्हणजे रंगाचे तीन हात मिळून एका कागदाइतकेही जाड होत नाहीत. सहा फुटी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी भिंतीला टेकवून पाहिली तर मधल्या खड्ड्यात पट्टीखाली ५ मिलिमीटरची फट होती. ५ मिलिमीटर म्हणजे ५००० मायक्रॉन. तो खड्डा रंगाने भरायचा तर किती हात लागतील हे ज्याचं त्याने मोजावं. रंग भिंतीचा आकार बदलत नाही, तो फक्त दाखवतो. चमकदार रंग तर जास्तच दाखवतो.

उजेड तिरपा असला की

भिंतीची परीक्षा समोरून होत नाही. समोरून उजेड पडला की उंच आणि सखल दोन्ही भाग सारखेच उजळतात आणि डोळा फसतो. उजेड भिंतीला चाटून गेला की प्रत्येक उंचवटा आपली सावली पाडतो. ऑक्टोबरात दुपारी साडेचारच्या आसपास पुण्यात सूर्य पश्चिमेच्या किंचित दक्षिणेला असतो, त्यामुळे पश्चिमेच्या दारातून आलेलं ऊन उत्तरेच्या भिंतीवर अगदी चपट्या कोनात पडतं. ही भिंत त्या घरातली सगळ्यात अवघड भिंत होती, आणि नेमकी तीच गडद आणि चमकदार रंगासाठी निवडली गेली होती. असं फार घरांत होतं, कारण बाल्कनीतून आत आल्यावर हीच भिंत डोळ्यांत भरते.

अमेरिकेत जिप्सम बोर्डच्या भिंतींसाठी फिनिशचे ० ते ५ असे स्तर ठरवलेले आहेत. त्यांतला पाचवा स्तर, म्हणजे सांधे भरून झाल्यावरही संपूर्ण भिंतीवर वरून एक पातळ थर ओढणं, हा मुख्यतः अशाच जागांसाठी सांगितला जातो : तिरपा उजेड किंवा चमकदार रंग. आपल्याकडच्या विटांच्या, सिमेंटच्या गिलाव्याच्या भिंतींना तो नियम जसाच्या तसा लागू होत नाही, पण त्यामागचा विचार घेण्यासारखा आहे. घरातल्या सगळ्या भिंतींना एकच प्रतीचं काम लागत नाही. कुठल्या भिंतीवर उजेड कसा पडणार हे आधी बघायचं आणि मग कुठे जास्त मेहनत घालायची ते ठरवायचं.

मी संध्याकाळी अंधार पडल्यावर पुन्हा गेलो. हॉलमधले दिवे बंद केले आणि एलईडी बॅटन, म्हणजे लांब पट्टीसारखा दिवा, भिंतीला लागून उभा धरून हळूहळू सरकवत नेला. जिथे जिथे सावली पडली तिथे पेन्सिलीने गोल केले. पेन्सिलच वापरायची, तीही हलक्या हाताने. बॉलपेनची शाई पाण्याच्या रंगातून वर उमटते आणि कितीही हात दिले तरी डोकावत राहते. तासाभरात भिंतीवर एवढे गोल झाले की घरातल्या ताई खुर्चीवर बसून नुसत्या बघत राहिल्या. “एवढं सगळं आधीपासून होतं?” त्यांनी विचारलं. होतं. आधीच्या फिक्या डिस्टेंपरमध्ये ते दिसत नव्हतं, एवढंच.

एका भिंतीवर पाच वेगवेगळे दोष

लोकांना वाटतं, काम बिघडलं म्हणजे कारण एकच असणार. इथे पाच होती आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा होता.

मधला खड्डा आणि फुगवटा वायरिंगचा होता. रंगकामाआधी घरात नवीन वायरिंग झालं होतं. छतापासून स्विचबोर्डापर्यंत भिंतीत झिरी, म्हणजे लांब खाच, मारून पाइप बसवला आणि वर घाईने सिमेंटचा माल भरला. माल वाळताना आकसला, झिरी आत बसली. कडेला जिथे माल गिलाव्याच्या वर आला होता तिथे फुगवटा राहिला. रंगाऱ्याने त्यावर व्हाइट सिमेंटची पुट्टी, म्हणजे भिंत गुळगुळीत करायचा लेप, ओढली, पण ही पुट्टी दोन हात मिळून दीड मिलिमीटरच्या वर चढवायची नसते. ५ मिलिमीटरचा खड्डा भरणं हे तिचं कामच नाही. तिने आकार तसाच ठेवून त्यावर फक्त गुळगुळीत कातडं चढवलं.

स्विचबोर्डांभोवतीचे चमकीचे ठिपके टचिंगचे, म्हणजे नंतर केलेल्या किरकोळ डागडुजीचे होते. प्रायमर, म्हणजे रंगाखालचा थर, मारून झाल्यावर इलेक्ट्रिशियनने बोर्ड पुन्हा काढले, कडा फुटल्या. रंगाऱ्याने तिथे पुट्टी भरली, घासली आणि थेट रंग मारला. प्रायमर लागलेला भाग रंग कमी शोषतो, कोरी पुट्टी जास्त शोषते. जास्त शोषलेल्या जागी रंगाची चमक मरते. मॅट रंगात हे कधीकधी लपतं, रेशमी चमकीत कधीच नाही. रंगकामाच्या धंद्यात सगळ्यात जास्त घडणारी आणि सगळ्यात सहज टाळता येणारी चूक कुठली, असं कुणी विचारलं तर मी हीच सांगेन : पुट्टीचं टचिंग झाल्यावर त्या जागेला परत प्रायमर न लावणं. पाच मिनिटांचं काम आहे.

चौकटीसारखा गडद पट्टा कटिंगचा, म्हणजे कोपरे आणि छताच्या कडा ब्रशने रंगवून घेण्याचा. एकाच माणसाने आधी सगळ्या हॉलचं कटिंग ब्रशने करून घेतलं आणि मग जेवण झाल्यावर रोलर हातात घेतला. तोवर ब्रशचा रंग वाळून गेला होता. ब्रशने रंग जाड आणि वेगळ्या पोताचा बसतो, रोलरने पातळ आणि बारीक दाणेदार. दोन्ही ओले असताना एकमेकांत मिसळले तर सांधा दिसत नाही. एक वाळलेला आणि एक ओला, तर तो कायमचा दिसतो. छटा जितकी गडद तितका ठळक.

रोलरच्या उभ्या रेघांचं कारणही तेच, ओली कड न सांभाळणं. पंखा फुल चालू, दुपारची वेळ, बाल्कनीचं दार उघडं. एक पट्टा मारून शिडी सरकवेपर्यंत त्याची कड वाळायची आणि पुढचा पट्टा तिच्यावर चढायचा.

खालचे फोड मात्र रंगाऱ्याच्या हाताबाहेरचे होते. सरकत्या दरवाजाच्या ट्रॅकमध्ये पाणी बाहेर जायला बारीक भोकं असतात. ती माती आणि कबुतरांच्या घाणीने बुजली होती. पावसाळाभर ट्रॅकमध्ये साचलेलं पाणी भिंतीच्या पायथ्यात उतरत राहिलं. नवरात्र संपताच रंग सुरू झाला तेव्हा भिंत आतून ओलीच होती. पाणी वाफ होऊन बाहेर पडायला बघतं, वर रंगाचा पापुद्रा, मग फोड येणारच.

भिंत ओली आहे का हे बघायला यंत्र लागतंच असं नाही. फूट-दीड फुटाचा जाड प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवायचा आणि दुसऱ्या दिवशी बघायचा. आतून दव धरलं असेल किंवा खालची भिंत काळवंडली असेल तर थांबायचं. पुणे-मुंबईकडे गणपती ते दिवाळी हा रंगकामाचा सगळ्यात गर्दीचा काळ, आणि भिंती वाळण्याच्या दृष्टीने पाहिलं तर पावसाळ्यात भिजलेल्या भिंतींसाठी तो लवकरचा आहे. सणाला घर नवं दिसावं ही इच्छा मला पूर्ण समजते. पण ज्या भिंतीला पावसाळ्यात ओल दिसली, ती तेवढी एक भिंत तरी हिवाळ्यावर ढकलावी.

काय करायचं ठरलं

दिवाळी आठवड्यावर होती. मी सुचवलं की आत्ता काहीच करू नका. बाल्कनीच्या दाराला जाड पडदा लावा, सण करा, आणि काम डिसेंबरात घ्या. पुण्यात तेव्हा हवा कोरडी असते, भिंतही तोवर श्वास घेईल. मधल्या काळात फक्त ट्रॅकची भोकं मोकळी केली, चौकटीच्या फटी सिलिकॉन सीलंटने बंद केल्या आणि फोडांची जागा खरवडून गिलावा उघडा ठेवला. सणाला ते वाईट दिसलं, पण त्यामुळेच कोपरा वाळला.

ताईंना मोरपंखी रंग सोडायचा नव्हता. सोडायची गरजही नव्हती. प्रश्न चमकीचा होता. तीच छटा मॅटमध्ये घेतली असती तर निम्मे दोष दिसेनासे झाले असते, आणि खर्च कमी करायचा असेल तर मी हाच मार्ग आधी सुचवतो. पण घरात लहान मुलं, भिंतीवर हात लागणार, आणि अगदी मॅट गडद रंगावर घासल्याचे पांढुरके डाग पटकन उठतात. म्हणून ठरलं असं : ही एक भिंत नीट समतल करायची आणि हलक्या चमकीचं, धुता येणारं इमल्शन घ्यायचं, आधीइतकं रेशमी नाही. बाकीच्या भिंतींवर लाटा आहेत तशा राहू द्यायच्या आणि त्यांना मॅट द्यायचा. छत कायम मॅटच ठेवावं, त्यात दुसरा विचार करू नये.

दुसरा निर्णय दिव्यांचा. टीव्हीच्या वर भिंतीला लागून खाली उजेड सोडणारे स्पॉटलाइट लावायचं त्यांच्या मनात होतं. भिंतीपासून चार-सहा इंचांवर बसवलेला दिवा म्हणजे दुपारचं चारचं ऊन रोज रात्रभर चालू ठेवणं. ते दिवे भिंतीपासून दोन-अडीच फूट लांब घ्यायला सांगितलं. चांगल्यातल्या चांगल्या कारागिराची भिंतही चाटून जाणाऱ्या उजेडात थोडीफार हलते, कारण ती हाताने केलेली असते.

डिसेंबरातलं काम

कामाला तोच रंगारी आला, लातूरकडचा, ठेकेदाराच्या हाताखाली काम करणारा. तोच हवा असा मी आग्रह धरला होता. त्याचा हात चांगला होता. बिघडली होती ती कामाची पद्धत आणि त्याला दिलेली मुदत. दिवाळीच्या आत चार घरं संपवायची आहेत असं ज्याला सांगितलंय, तो पुट्टी वाळण्याची वाट बघत बसणार नाही.

सुरुवात झिरीपासून. तिच्या दोन्ही बाजूंनी वीतभर रुंदीत रंग आणि पुट्टी काढून गिलाव्यापर्यंत गेलो, पोकळ वाजणारा माल फोडून काढला, धूळ झाडली, पाणी मारलं आणि पॉलिमर मिसळलेल्या मालाने भरलं. पुढे तडा जाऊ नये म्हणून सांध्यावर फायबरची जाळी. हे पूर्ण वाळल्याशिवाय पुढे जायचं नाही, असं ठरवलेलं. वाळल्यावर जाड दाण्याची लेव्हलिंग पुट्टी घेतली. ती साध्या पुट्टीपेक्षा जाड थरात चढते. ती पसरायला नेहमीची चार इंची पट्टी चालत नाही. छोटी पट्टी खड्ड्यात खड्ड्याच्या आकारानेच फिरते. दोन फुटांहून लांब धातूची पट्टी दोन्ही बाजूंच्या सरळ भिंतीवर टेकवून ओढली की खड्डा आपोआप भरतो आणि उंचवट्यावरची जास्तीची पुट्टी निघून जाते. भिंत सपाट करण्याचं सगळं मर्म या लांब पट्टीत आहे.

आता उरलेल्या भिंतीचा प्रश्न होता, जिच्यावर रेशमी रंग पक्का बसलेला होता. इथे बरेच जण चुकतात. व्हाइट सिमेंट पुट्टीला धरायला शोषणारा पृष्ठभाग लागतो. जुन्या इमल्शनवर ती वरवर बसते आणि वर्षा-दोन वर्षांत पापुद्रे सुटतात. म्हणून आधी जुना रंग किती घट्ट आहे ते तपासलं : कटरने बारीक फुलीसारखे छेद देऊन त्यावर टेप दाबून झटक्यात ओढली. टेपला रंग आला नाही. मग १२० नंबरच्या सँडपेपरने सगळी चमक मारली, वर प्रायमरचा एक हात दिला आणि त्यावर अ‍ॅक्रिलिक पुट्टीचा पातळ थर संपूर्ण भिंतीभर ओढला. अ‍ॅक्रिलिक पुट्टी मऊ असते, सहज घासली जाते, पण ओल अजिबात सोसत नाही. त्यामुळे बाल्कनीच्या कोपऱ्यात, खालच्या भागात, ती वापरली नाही. तिथे गिलाव्यावर व्हाइट सिमेंट पुट्टीच घेतली.

त्या पुट्टीबद्दल एक सांगतो. ४० किलोच्या गोणीला साधारण साडेचौदा ते पंधरा लिटर पाणी बसतं, गोणीवर तसं लिहिलेलंही असतं. कामावर मात्र अंदाजाने ओततात. पाणी जास्त झालं की पुट्टी पसरायला सोपी जाते म्हणून रंगाऱ्याला बरं वाटतं, पण वाळल्यावर ती भुकटी सोडते. कालवलेली पुट्टी दोनेक तासांत संपवायची. घट्ट व्हायला लागली की त्यात पुन्हा पाणी घालून ढवळायचं नाही. आणि तिचं घासकाम फार दिवस ठेवायचं नाही, कारण व्हाइट सिमेंट नंतर इतकं कडक होतं की पेपर घासून घासून माणूस दमतो.

घासकाम सगळ्यात कंटाळवाणं, आणि हॉलचा सगळा डौल त्यावरच अवलंबून. पेपर नुसत्या बोटांत धरून घासला तर बोटांच्या जागी चर पडतात. लाकडी ठोकळ्याला गुंडाळून, गोल गोल फिरवत घासायचं. आम्ही १२० ने सुरू करून १८० वर आणि शेवटी २२० वर गेलो, नंबर वाढतो तसा पेपरचा दाणा बारीक होतो. घासताना बाजूने एलईडी बॅटन सतत चालू. हा बॅटन म्हणजे या कामातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी हत्यार. पहिल्या वेळी हे काम भर दिवसा, समोरच्या उजेडात झालं होतं. रंगाऱ्याला खड्डा दिसलाच नव्हता, तो भरणार कसा? या वेळी तो स्वतःच बॅटन सरकवायचा, तळहात फिरवायचा आणि म्हणायचा, “इथं अजून आहे साहेब, थांबा.”

घासताना उडणारी धूळ हा वेगळा विषय आहे आणि त्याची हयगय मला सहन होत नाही. तोंडाला रुमाल बांधणं पुरेसं नाही, एन-९५ मास्क लागतो, आणि तो रंगाऱ्याला आपण द्यायचा असतो. या घरात तर दाराच्या जुन्या चौकटींवर ऑइलपेंटचे थरावर थर होते. भारतात घरगुती रंगांतल्या शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत ठेवण्याचा नियम २०१६ चा, आणि तो लागू झाला नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं. म्हणून चौकटी कोरड्या घासल्या नाहीत, पाणी मारून वॉटर पेपरने घासल्या, निघालेला चिखल पुसून वेगळ्या पिशवीत भरला, आणि तेवढे दिवस मुलं आजीकडे राहिली.

घासून झाल्यावर भिंत आधी मऊ झाडूने वरून खाली झाडली आणि मग घट्ट पिळलेल्या फडक्याने हलकेच टिपून घेतली. अ‍ॅक्रिलिक पुट्टीवर ओलं फडकं रगडायचं नाही, ती विरघळते. धूळ राहिली तर प्रायमर धुळीला चिकटतो, भिंतीला नाही.

प्रायमर पाण्याचा, आतल्या भिंतींसाठीचा, दुकानातच थोडा राखाडी-हिरवट करून घेतलेला. गडद रंगाखाली पांढरा प्रायमर असला की दोन हातांतही खालचा पांढरा डोकावतो. प्रायमर वाळल्यावर पुन्हा बॅटन. भिंत एकरंगी झाली की पुट्टीतली टाचणीएवढी छिद्रंही दिसतात, जी आधी दिसत नव्हती. ती भरली, २२० ने घासली, आणि भरलेल्या प्रत्येक जागेला पुन्हा प्रायमर. या वेळी इलेक्ट्रिशियनची सगळी कामं आधीच उरकली होती. बोर्डांच्या पट्ट्या काढून ठेवल्या आणि रंग पूर्ण झाल्यावरच बसवल्या.

रंगाचा दिवस

आता रंग. खरं सांगायचं तर हा भाग सगळ्यात सोपा होता. सगळे डबे एका बादलीत ओतून एकत्र केले, कारण छटा मशीनवर बनवली तरी डब्याडब्यांत सूक्ष्म फरक पडू शकतो आणि तो भिंतीच्या मधोमध उघडा पडतो. काठीने तळापासून ढवळलं. पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच, मापाने मोजून, दोन्ही हातांना सारखं. पातळ कापडातून गाळलं. डब्याच्या कडेला वाळलेल्या सालींचे तुकडे असे गाळले नाहीत तर भिंतीवर खडे होऊन बसतात.

पंखा बंद, बाल्कनीचं दार लावलेलं, वेळ सकाळची. दोन माणसं एकाच भिंतीवर. एकजण ब्रशने तीन-चार इंचांचं कटिंग करत पुढे जातो, दुसरा त्याच्या मागोमाग रोलर घेऊन येतो आणि रोलर कटिंगच्या ओल्या रंगावर जमेल तितका वर चढवतो. सुरुवात बाल्कनीच्या बाजूने, म्हणजे उजेडाकडून अंधाराकडे. रोलर आखूड केसांचा, चांगल्या प्रतीचा. स्वस्त रोलर पहिल्या तासातच केस सोडतो. तो रंगात भिजवून ट्रेवर फिरवायचा, पण पिळून कोरडा करायचा नाही. कोरडा रोलर दाबून फिरवला की कडांना रेघा येतातच. दोन-तीन फुटांचा भाग भरला की शेवटी रोलर न दाबता, वरून खाली, एकाच दिशेने फिरवायचा आणि पुढे सरकायचं. अर्धवट वाळलेल्या जागी काही राहिलेलं दिसलं तरी परत जायचं नाही. तो मोह आवरणं अवघड जातं, आमच्या रंगाऱ्यालाही गेलं. एकदा त्याचा हात मागे गेला आणि कोपऱ्यातल्या ताईच म्हणाल्या, “दादा, राहू द्या, दुसऱ्या हातात जाईल.” ते खरंच दुसऱ्या हातात गेलं.

एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत भिंत एका दमात पूर्ण केली, मध्ये चहा नाही. दुसरा हात त्याच दिवशी चालला असता, पण रात्रभर थांबलो. सकाळी ३२० च्या पेपरने अगदी हलकं घासलं, पुसलं आणि दुसरा हात दिला. छताच्या कडेची मास्किंग टेप रंग किंचित ओला असतानाच, तिरपी ओढून काढली. पूर्ण वाळू दिली असती तर रंगाचा पापुद्रा तिच्यासोबत फाटत आला असता. तशी वेळ आलीच तर आधी कडेने कटर फिरवून घ्यावा.

त्या दुपारी चारला पडदा उघडला. उजेड आला. बाल्कनीकडून बघितलं तर छताजवळ एका जागी हलकी लाट अजून होती, झिरीच्या वरच्या टोकाला. मी ती घरच्यांना दाखवली. काढायची तर पुन्हा पुट्टीपासून सगळं करावं लागलं असतं. त्यांनी ती ठेवली. चौकट गेली, ठिपके गेले, रेघा गेल्या.

पैशांचं आणि पुढच्या खोल्यांचं

भांडण होऊ शकलं असतं ते पैशांवरून. ठेकेदाराने आधी सगळं घर एकरकमी घेतलं होतं, चौरस फुटाला एकच दर, त्यात पुट्टी किती, घासकाम किती, टचिंगनंतर प्रायमर आहे की नाही, कशाचाच उल्लेख नव्हता. असा करार दोघांनाही अडचणीत आणतो. मालकाला वाटतं सगळं त्यात आलं, आणि रंगाऱ्याला वाटतं लवकर उरकलं तरच परवडेल. शेवटी तडजोड झाली : कटिंगची चौकट, रेघा आणि टचिंगच्या ठिपक्यांची दुरुस्ती ठेकेदाराकडे, म्हणजे प्रायमर आणि रंगाच्या हातांची मजुरी त्याची. झिरीची दुरुस्ती, भिंत समतल करणं आणि नवीन रंगाची किंमत मालकांकडे, कारण ते काम मूळ करारात कधी नव्हतंच. मला हे न्याय्य वाटलं. दोघांनाही वाटलं असावं, कारण बेडरूमच्या भिंती पुन्हा करायचं कामही त्याच ठेकेदाराला मिळालं.

बेडरूमचा कागद मात्र वेगळा लिहिला. भिंत समतल करण्याचा दर वेगळा, आणि तो फक्त ज्या भिंती सांगितल्या त्यांनाच. ओलीची तपासणी रंगाआधी, प्लास्टिक चिकटवून, दोघांसमोर. पुट्टीनंतर एकदा आणि प्रायमरनंतर एकदा, अंधारात बॅटन लावून दोघांनी मिळून बघायचं, पेन्सिलीने खुणा करायच्या, आणि खुणा मिटल्यावरच पुढचा हप्ता. शेवटच्या हातानंतर बॅटन लावून कुणी तक्रार करायची नाही, हेही त्यात लिहिलं. रंगाऱ्याच्या बाजूने ते तितकंच गरजेचं होतं.

घरच्यांना दोन गोष्टी सांगून ठेवल्या. भिंत किमान तीन आठवडे ओल्या फडक्याने पुसायची नाही. रंग हाताला कोरडा लागला तरी तो पक्का व्हायला वेळ घेतो. आणि उरलेला रंग घट्ट झाकणाच्या लहान बरणीत काठोकाठ भरून ठेवायचा, वर तारीख आणि छटेचा नंबर लिहून. पुढे ओरखडा उठला तर तेवढ्या जागी ठिपका लावायचा नाही, चमक असलेल्या रंगात तो ओळखू येतोच. एक तर ओरखड्यासह राहायचं, नाहीतर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंतीला एक हात द्यायचा.

बाल्कनीच्या ट्रॅकची भोकं आता ते दर पावसाळ्याआधी सुईने साफ करणार आहेत. कोपऱ्यातल्या ओलीचा खरा निकाल येत्या ऑगस्टात लागेल.